वॉर्डात नव्याने रुजू होताना : रुग्णाचा आब कसा राखायचा

"डायपर लावलाय ना बाबा, त्यातच करा."

नोकरीच्या पहिल्या वर्षी, रात्रपाळीत, पहाटे साडेतीनच्या सुमारास मी एका रुग्णाला हे वाक्य म्हटलं होतं. त्यात काही चुकतंय असं तेव्हा मनातही आलं नाही. वॉर्ड भरलेला, खाली गाद्या टाकलेल्या, मावशी (वॉर्डातल्या मदतनीस) दुसऱ्या टोकाला आणि माझ्या हातात इंजेक्शनचा ट्रे. बाबा गिरणीत आयुष्य काढलेले, मांडीचं हाड मोडून आलेले. डोकं पूर्ण शाबूत होतं. त्यांनी फक्त बेडपॅन मागितलं होतं. माझं बोलणं ऐकून ते काहीच म्हणाले नाहीत, तोंड भिंतीकडे फिरवलं. पुढचे दोन दिवस त्यांनी पाण्याचा ग्लास जेमतेम ओठांना लावला. आम्ही चार्टवर लघवी कमी झाल्याची नोंद केली, डॉक्टरांनी सलाईन वाढवलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेने मला बाजूला घेऊन सांगितलं, "पाणी प्यायलं तर परत मागावं लागेल, म्हणून पीत नाहीत ते."

तो चार्ट मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. नोंद अचूक होती. कारण लिहायला मात्र त्यात रकाना नव्हता.

मुंबईतल्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांच्या वॉर्डात पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. जी.एन.एम. (नर्सिंगची पदविका) करून आलेले असा, बी.एस्सी. करून आलेले असा, किंवा घरोघरी रुग्ण सांभाळायला जाणारे असा. अभ्यासक्रमात 'मानवी प्रतिष्ठा' हा विषय तुम्ही वाचलेला असतो. पण ती प्रतिष्ठा खाटेजवळ नेमकी कुठे असते, हे फारसं कुणी दाखवत नाही. ते मी कामाच्या क्रमाने सांगते.

आधी शब्द नीट समजून घ्या

आपल्या शालेय पुस्तकांच्या सुरुवातीला संविधानाची उद्देशिका छापलेली असते. तिच्यात शेवटाकडे 'व्यक्तीची प्रतिष्ठा' हे शब्द येतात, आणि ते बंधुतेला जोडून येतात. मला ही जोडणी फार महत्त्वाची वाटते. एरवी आपल्या बोलण्यात 'प्रतिष्ठित' म्हणजे पैसेवाला, सत्कारात पुढच्या रांगेत बसणारा माणूस. उद्देशिकेतली प्रतिष्ठा ती नव्हे. ती कमवावी लागत नाही, हुद्द्याने वाढत नाही आणि बेशुद्ध पडल्याने कमीही होत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा अर्थ लावताना १९८१ च्या एका निकालात स्पष्ट केलं आहे की हा हक्क नुसता श्वास चालू राहण्याचा नाही, प्रतिष्ठेने जगण्याचा आहे.

म्हणजे प्रतिष्ठा आपण रुग्णाला 'देत' नाही. तो ती घेऊनच दारातून आत येतो. आपल्या हातून दुखावला जातो तो त्याचा आब. लाज, संकोच, स्वतःबद्दलचा मान, 'अजून मी मी आहे' ही जाणीव, हे सगळं त्यात आलं. रुग्णालयात शिरताच माणसाचे कपडे जातात, चप्पल जाते, कधी झोपायचं आणि कधी जेवायचं हेही त्याच्या हातात राहत नाही. उरलेलं फार थोडं असतं. तेवढं शाबूत ठेवणं हा औषधपाण्याइतकाच कामाचा भाग आहे. त्या बाबांच्या बाबतीत तर तो अक्षरशः पाण्याचाच प्रश्न होता.

पायरी १ : हाक कशी मारायची

"चौदा नंबर, उठा." "ती सिझरवाली कुठे गेली?" "डायबेटिक फूटचं ड्रेसिंग झालं का?" वॉर्डात पहिल्या दिवसापासून तुमच्या कानावर हीच भाषा पडेल आणि पंधरा दिवसांत तुमच्याही तोंडी बसेल. बसू देऊ नका. खाट क्रमांक कागदासाठी आहे. औषध देताना तर नाव विचारणं सुरक्षेसाठीही आवश्यक असतं, कारण खाटा बदलतात आणि खाली गादीवर असलेल्या रुग्णाला क्रमांकच नसतो. "तुमचं पूर्ण नाव सांगता का?" या एका प्रश्नाने चुकीच्या माणसाला औषध जाणंही टळतं आणि माणूस माणूसही राहतो.

आधी स्वतःचं नाव सांगा. "मी आज संध्याकाळपर्यंत तुमच्याकडे आहे, काही लागलं तर मला हाक मारा." पाच सेकंदांचं काम. इंग्लंडमधल्या केट ग्रेंजर या डॉक्टर स्वतः कर्करोगाच्या रुग्ण म्हणून दाखल झाल्या, तेव्हा उपचार करणारे बरेच जण आपलं नावच सांगत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं. २०१३ मध्ये त्यांनी एवढ्याच एका गोष्टीची मोहीम सुरू केली.

आता 'तू' आणि 'तुम्ही'. इंग्रजीत शिकताना हा भेद समोर येत नाही, पण मराठी वॉर्डात सगळा आब इथेच असतो. खासगी खोलीतल्या रुग्णाला आपण आपोआप 'तुम्ही' म्हणतो. फुटपाथवरून आलेल्या, मळलेल्या कपड्यांतल्या, दारूचा वास येणाऱ्या माणसाला तितक्याच आपोआप "ए, हात सरळ कर" असं म्हणतो. दोघांची शीर एकाच जागी असते आणि सुई दोघांनाही सारखीच दुखते. मी नव्यांना एकच नियम सांगते. मोठ्या माणसाला 'तुम्ही', मग तो कुणीही असो. हिंदीत बोलताना 'आप'. मुंबईत निम्मा वॉर्ड हिंदीत बोलतो, आणि आपल्या मुंबई हिंदीत 'तू' फार पटकन येतं, म्हणून तिथे जास्त जपा. उलट बाजूने मात्र मन मोठं ठेवा. आगरी-कोळी घरातली किंवा मालवणी बोलणारी आजी तुम्हाला पहिल्या मिनिटाला 'तू' म्हणेल. त्यात अपमान नाही, ती तिच्या बोलीची माया आहे.

'आजी', 'काका', 'मावशी' म्हणावं का? आपल्याकडे चालतं, बऱ्याच जणांना आवडतंही. पण विचारून म्हणा. पन्नाशीच्या एका शिक्षिकेला मी सरसकट 'आजी' म्हणत होते. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "मला अजून नातवंड नाही हो. बाई म्हटलंत तरी चालेल." त्या तीस वर्षं 'बाई' होत्या आणि मी एका दिवसात त्यांची 'आजी' करून टाकली होती.

पायरी २ : हात लावण्याआधी सांगा

याला फार विवेचन लागत नाही, सवय लागते. पांघरूण ओढण्याआधी, कुशीवर वळवण्याआधी, बी.पी.चा पट्टा गुंडाळण्याआधी एक वाक्य बोला आणि क्षणभर थांबा. थांबणं महत्त्वाचं, कारण तेवढ्या वेळात माणूस मान हलवतो किंवा "जरा थांबा" म्हणतो. दुखणार असेल तर "काही दुखत नाही" असं कधीच सांगू नका. "टोचेल, पण लवकर होईल" म्हणा. लहान मुलांनाही हेच सांगा. एकदा खोटं ठरलं की पुढच्या प्रत्येक सुईला ते मूल किंचाळणार.

ब्रदर, म्हणजे पुरुष परिचारक असाल आणि रुग्ण स्त्री असेल, तर कॅथेटर (लघवीची नळी), एनिमा, छातीचा ई.सी.जी. अशा कामांना सिस्टर किंवा मावशी शेजारी हवी. सिस्टर पुरुषाचं असं काम करतानाही विचारून करा. पुरुषांना लाज नसते असा आपल्याकडे एक समज आहे. तो साफ चुकीचा आहे.

पायरी ३ : पडदा, आणि पडदा नसेल तेव्हा

पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू, लेप्टोचे रुग्ण वाढले की मेडिसिनच्या वॉर्डात दोन खाटांमध्ये तिसरी गादी येते. चाकांचे स्क्रीन असतात तीन-चार, त्यातल्या एकाचं चाक मोडलेलं, एकाचं कापड धुवायला गेलेलं. पुस्तकात लिहिलं आहे 'स्क्रीन लावा' आणि समोर स्क्रीन नाही. अशा वेळी मी काय करते ते सांगते.

दोन चादरी घ्या. एक रुग्णाच्या अंगावर राहते, तिच्याखालून काम करायचं. दुसरी मावशी आणि नातेवाईक बाई दोन्ही टोकांना धरून उभ्या राहतात, तोंड बाहेरच्या बाजूला करून. शेजारच्या खाटेवरच्यांना आवाज न चढवता सांगा, "दोन मिनिटं तिकडे बघता का?" लोक बघतात. मुंबईकर दहा बाय दहाच्या खोलीत सात जण राहतात, नजर वळवून दुसऱ्याला खासगीपण देणं त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. भेटीची वेळ संपल्यावरचा अर्धा तास अशा कामांसाठी ठेवा. वॉर्डच्या मधल्या वाटेकडे रुग्णाचे पाय होतील अशी गादी टाकली असेल, तर डोक्याची बाजू बदलून बघा. वाटेने जाणाऱ्यांच्या नजरेला काय पडतं, ते एवढ्याने बदलतं.

आणि इन्चार्ज सिस्टरना स्क्रीनचा इंडेंट (मागणीपत्र) करायला सांगा. लेखी. पुढच्या महिन्यात पुन्हा. प्रत्येक कमतरता आपण हाताने भरून काढत राहिलो तर ती कमतरता कुठेच नोंदली जात नाही.

कॅथेटरची पिशवी हा असाच एक न बोललेला विषय आहे. लघवीने भरलेली पिशवी भेटीला आलेल्या व्याह्यांच्या समोर लटकते आहे आणि माणूस त्यांच्याशी हसून बोलायचा प्रयत्न करतो आहे. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखालीच हवी आणि जमिनीला टेकायला नको, हे तर आहेच. पण ती खाटेच्या कोणत्या बाजूला अडकवायची हे तुमच्या हातात असतं. माणसं उभी राहतात त्याच्या उलट बाजूला अडकवा, वरून कापड टाका, भेटीच्या वेळेआधी रिकामी करा.

पायरी ४ : बेडपॅन आणि स्पंज

इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या मते नर्सिंगमधलं सगळ्यात अवघड कौशल्य हेच. सलाईन लावणं महिन्याभरात जमतं. दुसऱ्याला शौचाला बसवताना त्याला ओशाळं न वाटू देणं शिकायला मला पाच-सहा वर्षं लागली.

मागितल्यावर लगेच द्या. जमणारच नसेल तर "आणते हं" म्हणून गायब होऊ नका. "एक इंजेक्शन देऊन दोन मिनिटांत येते, धरवेल ना?" असं विचारा. माणूस दोन मिनिटं धरतो. धरवत नाही ते किती वेळ धरायचं हे माहीत नसतं तेव्हा.

स्टीलचं बेडपॅन थंडगार असतं. नळाला कोमट पाणी मिळालं तर त्याखाली धरा आणि कोरडं करून द्या. कंबर उचलता येत असेल तर "तीन म्हटलं की उचला" असं मोजून करा. येत नसेल तर कुशीवर वळवून खाली सरकवा. मांडीचं किंवा खुब्याचं हाड मोडलेलं असेल तर चपट्या तोंडाचं, स्लिपर बेडपॅन वापरा. पाठ टेकवून डोकं थोडं वर करा. उताणं पडून शौच होत नाही, स्वतः कल्पना करून बघा. अंगावर चादर टाका, पाणी आणि हाक मारायची सोय हाताशी ठेवा आणि तिथून बाजूला व्हा. डोक्यावर उभं राहून "झालं का?" विचारू नका. पण विसरूही नका. दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ त्या कडेवर बसलेल्या माणसाच्या माकडहाडाशी कातडी दबते, आणि बेडसोअरची, म्हणजे दाबाने होणाऱ्या जखमेची, सुरुवात तिथून होते.

नंतर धुताना स्त्रियांना पुढून मागे, म्हणजे जंतूसंसर्गाचा धोका कमी होतो. स्वतःला धुता येत असेल तर पाणी त्यांनाच घालू द्या, तुम्ही फक्त धरा. आणि त्यांचे हात साबणाने धुवा. हे नव्वद टक्के वेळा राहून जातं, आणि मग त्याच हाताने माणूस दुपारी पोळी मोडतो. बेडपॅन झाकून न्या. वास आला तर येऊ द्या, चेहरा बदलू देऊ नका. रुग्ण त्या वेळी फक्त तुमचा चेहरा वाचत असतो. "आत्ताच तर चादर बदलली होती" हे वाक्य ओठावर येईल. ते गिळा. चादर बदला, दुसरं काहीतरी बोला. पाऊस थांबला का, नातू शाळेत गेला का.

डायपरबद्दल माझं ठाम मत आहे. ज्याला शुद्ध आहे आणि लागल्याचं कळतं, त्याला आपल्या सोयीसाठी डायपर लावायचं नाही. ज्याला लावावंच लागतं त्याला ते का लावतोय हे सांगायचं, आणि ओलं झाल्यावर बदलायचं, शिफ्ट संपताना नव्हे.

स्पंज देताना, म्हणजे खाटेवरच अंग पुसताना, अख्खं अंग एकदम उघडं करू नका. चेहरा, मग एक हात, तो पुसून झाकला की दुसरा, मग छाती, पोट, पाय. पाणी मधे एकदा तरी बदला. चेहरा धुवायचा ओला कपडा आधी त्यांच्या हातात द्या. हात थरथरत असला, पाणी सांडलं, तरी द्या. मांड्यांमधला भागही शक्य असेल तर त्यांनीच पुसावा, तुम्ही तोंड फिरवून बादलीतलं पाणी बघा. केस विंचरून द्या. टिकली लावणाऱ्या बाईंना टिकली हवी का विचारा. एका बाईंनी आठ दिवसांनी आरशात स्वतःला बघितलं आणि म्हणाल्या, "आता मुलगा आला तर चालेल." तोवर त्यांनी मुलाला 'येऊ नको' असं कळवलं होतं, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

पायरी ५ : ऑपरेशनला नेताना

मंगळसूत्र काढायला सांगितलं की बऱ्याच बायकांचा हात गळ्याशी घट्ट होतो. त्यावर "नियम आहे, काढा" असं म्हणू नका. शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या विजेच्या उपकरणामुळे धातूजवळ भाजण्याचा धोका असतो, हे कारण सांगा. नवऱ्याच्या किंवा सासूच्या हातात तिच्या समोर द्या, वहीत सही घ्या. पोत नसल्याची रुखरुख असेल तर काळा दोरा मनगटाला बांधायला चालेल का, हे भूलतज्ज्ञांना विचारून बघा, बहुतेक वेळा चालतं. काचेच्या बांगड्या निघतच नसतील आणि तोडाव्याच लागल्या तर तिच्या डोळ्यांसमोर फटकन फोडू नका. आणि 'फोडते' असं तर म्हणूच नका. आपल्या भाषेत बांगड्या 'वाढवतात'. ही पद्धत कुणाला पटो न पटो, त्या क्षणी भीती तिची आहे.

कवळी शेवटच्या क्षणी काढायला सांगा, नाव लिहिलेल्या वाटीत पाण्यात ठेवा, आणि परत आल्यावर शुद्ध नीट आली की नातेवाइकांना आत सोडण्याआधी बसवून द्या. पाठ उघडी राहणारा गाऊन घालून माणसाला ट्रॉलीवर नेताना वर चादर हवीच, लिफ्टमध्ये अनोळखी माणसं असतात. बुरखा, कडं, जानवं, ताईत, प्रत्येक वेळी आधी विचारा आणि मग हात लावा.

पायरी ६ : ऐकलेलं तिथेच ठेवा

नर्सिंग स्टेशनवर मोठ्याने केस पेपर वाचायचा नाही. फोनवर आजाराचं नाव घ्यायचं नाही. शेजारच्या खाटेवरची प्रेमळ मावशी "काय झालंय हो तिला?" असं विचारेल तेव्हा "डॉक्टर बघतायत" एवढंच सांगायचं. एच.आय.व्ही.च्या बाबतीत तर २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. रुग्णाच्या संमतीशिवाय ती माहिती उघड करता येत नाही, आणि त्या कारणाने भेदभावही करता येत नाही. खाटेच्या डोक्याशी लाल अक्षरांत काही लिहून चिकटवणं हे उघड करणंच झालं. सगळ्यांच्या बाबतीत सारखीच काळजी घेतली, सगळ्यांना हातमोजे घालून हाताळलं, तर वेगळी खूण लागतच नाही.

मोबाइल खिशात. वॉर्डात फोटो नको, रील नको, मागे रुग्ण धूसर दिसत असला तरी नको.

तृतीयपंथी रुग्ण आल्यावर 'कुठल्या वॉर्डात ठेवायचं' यावर त्यांच्यासमोर खल सुरू होतो. नाव काय लावायचं आणि कुठे राहणं सुरक्षित वाटेल हे त्यांनाच विचारा. स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच मान्य केला आहे.

पायरी ७ : जो बोलू शकत नाही त्याच्याशी बोला

मुंबईत काम करणाऱ्या प्रत्येक परिचारिकेला एक नाव माहीत असायला हवं. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात काम करणाऱ्या अरुणा शानबाग या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच एका सफाई कामगाराने पाशवी हल्ला केला. मेंदूला झालेल्या इजेतून त्या पुन्हा कधी बाहेर आल्या नाहीत. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली ४१ वर्षं त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांनी, एकामागून एका पिढीने, त्यांना सांभाळलं. त्यांना धडधाकट कधी पाहिलंही नव्हतं अशा मुली नोकरीला लागल्या, त्यांना भरवायला, कूस बदलायला शिकल्या आणि निवृत्त झाल्या. एवढ्या वर्षांत त्यांना बेडसोअर झाला नाही. दयामरणाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ ला निकाल दिला. काही अटींवर उपचार थांबवण्याचा मार्ग त्या निकालाने देशात खुला झाला, पण अरुणाताईंच्या बाबतीत कोर्टाने 'त्यांना जगू द्या' हे के.ई.एम.च्या कर्मचाऱ्यांचं म्हणणं मानलं. त्यांची खरी जवळची माणसं हेच कर्मचारी आहेत, असं कोर्टाने म्हटलं.

त्या निकालाबद्दल मतं वेगवेगळी असू शकतात, माझ्या मैत्रिणींमध्येही आहेत. पण बेडसोअर न होऊ देणं म्हणजे काय ते आम्हा सगळ्यांना कळतं. दर दोन तासांनी कूस बदलणं. माकडहाड, खुबे, टाचा, कोपरं, डोक्याची मागची बाजू, रोज बघणं. चादरीची सुरकुती काढणं. ओलं राहू न देणं. रात्री, दिवाळीत, संपाच्या दिवशी, पुराच्या दिवशीही. न बोलणाऱ्या, न ओळखणाऱ्या माणसासाठी. प्रतिष्ठा बेशुद्धीतही कमी होत नाही, असं मी वर म्हटलं. ते कसं पाळायचं याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

तुमच्या वाट्याला असा रुग्ण बहुधा रेल्वेच्या रुळांवरून येईल. लोकलमधून पडलेला, सोबत कुणी नाही, केस पेपरवर 'अनोळखी पुरुष, अंदाजे वय ४०'. सगळे त्याला 'अननोन' म्हणतात. मी अशा रुग्णाला 'दादा' म्हणते. "दादा, आता तोंड साफ करते." "दादा, संध्याकाळ झालीय, बाहेर पाऊस आहे." कान शेवटपर्यंत चालू असू शकतात हे तुम्ही शिकला आहात. त्याच्या खाटेपाशी उभं राहून "हा काही राहत नाही" असं बोलू नका. त्याच्या वस्तू, अगदी तुटकी चप्पल आणि पासाचं पाकीटसुद्धा, यादी करून जपून ठेवा. कधीतरी पंधराव्या दिवशी विरारहून किंवा कर्जतहून कुणीतरी फोटो घेऊन येतं.

असाच दुसरा रुग्ण म्हणजे फुटपाथवरून आणलेला, जखमेत अळ्या पडलेला. ड्रेसिंगला नाकाला रुमाल लावून सगळे लांब उभे असतात. मास्क लावा, तो लावायचाच असतो. पण "शी" म्हणू नका. टर्पेंटाइन घातल्यावर अळ्या बाहेर येतात तेव्हा त्या माणसालाही ते दिसतं, आणि त्याला स्वतःचीच किळस येत असते. "जखम स्वच्छ होतेय" असं सांगा. ते खरंही असतं.

आय.सी.यू.मध्ये नळ्या उपसणाऱ्या रुग्णाचे हात बांधावे लागतात. डॉक्टरांचा लेखी आदेश हवा, कापूस घालून मऊ पट्टीने बांधा, ठरावीक वेळाने सोडून बोटांचा रंग बघा. आणि नातेवाइकांनी ते दृश्य बघण्याआधी दाराशीच सांगा. वडिलांचे हात बांधलेले अचानक दिसले तर मुलाच्या मनात काय येईल?

पायरी ८ : शेवट

बरं होणार नाही असा माणूस म्हणजे 'आता काही करायचं नाही' असा माणूस नव्हे. वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ मध्ये सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस. वेदना कमी करणं, तोंड ओलं ठेवणं, जवळची माणसं जवळ असू देणं, हेच तिथलं काम. आपल्या वॉर्डातही ते करता येतं. अशा रुग्णाचा राऊंड लवकर उरकला जातो, डॉक्टर पुढे सरकतात. तुम्ही मागे थोडं थांबा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रतिष्ठेने मरण्याचा हक्कही जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आहे.

गेल्यावर स्क्रीन लावा, असेल नसेल तिथून आणून लावा. नळ्या काढा, चेहरा पुसा, डोळे मिटवा, हनुवटी बांधा. नातेवाइकांसमोर 'बॉडी' म्हणू नका. दहा मिनिटांपूर्वी ते 'बाबा' होते. गंगाजल, तुळशीचं पान, कलमा, प्रार्थना, जे त्यांचं असेल ते करू द्या. बिल बाकी आहे म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. राज्याच्या नर्सिंग होम नियमांत २०२१ पासून रुग्णहक्कांची सनद आहे, ती एकदा वाचून ठेवा. खासगी ठिकाणी नोकरी केलीत तर उपयोगी पडेल.

थकल्यावर

हे सगळं चाळीस खाटांना एक सिस्टर असताना कसं करायचं? हा प्रश्न तुम्ही विचाराल आणि तो रास्त आहे. वर लिहिलेल्यांपैकी अर्ध्याहून जास्त गोष्टींना वेगळा वेळ लागत नाही. 'तू'च्या जागी 'तुम्ही' म्हणायला वेळ लागत नाही. ज्यांना लागतो, बेडपॅन, कूस बदलणं, भरवणं, त्यांना माणसं लागतात. ती मागणं हाही रुग्णाच्या बाजूने उभं राहण्याचा भाग आहे. संघटनेत जा, लेखी मागा.

तुमचा स्वतःचा आबही जपा. नातेवाईक अंगावर धावून आले तर एकटीने सामोरं जाऊ नका, सुरक्षारक्षकाला बोलवा, तक्रार नोंदवा. वैद्यकीय सेवेतल्या माणसांवरच्या हिंसेविरुद्ध महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे. आणि ज्या दिवशी तुमच्या तोंडून माझ्यासारखं एखादं वाक्य निघेल, त्या दिवशी परत जाऊन माफी मागा. मी त्या बाबांची मागितली. ते म्हणाले, "तुझी पण धावपळच होती की." त्या रात्री त्यांनी दोन ग्लास पाणी प्यायलं.

पायरी ९ : हँडओव्हरला एक ओळ जास्त

हार्वी चोचिनोव हे कॅनडातले मनोविकारतज्ज्ञ. मरणासन्न रुग्णांच्या प्रतिष्ठेवर त्यांनी आयुष्यभर काम केलं. रुग्णाला विचारायला त्यांनी एक प्रश्न सुचवला आहे. आपल्या शब्दांत तो असा : तुमची नीट काळजी घ्यायला माणूस म्हणून तुमच्याबद्दल मला काय माहीत असायला हवं? मी हा प्रश्न गेली काही वर्षं विचारते आहे. उत्तरं मोठी नसतात. मिळालेलं उत्तर हँडओव्हरच्या, म्हणजे पाळी बदलताना रुग्ण सोपवायच्या, वहीत, औषधांच्या खाली, एका ओळीत लिहा आणि पुढच्या सिस्टरला तोंडी पण सांगा.

म्हणजे असं : "बारा नंबरच्या बाई, शुगर सकाळी २१०, इन्सुलिन दिलं, डाव्या टाचेला लाली आहे, कूस दोन तासांनी. उजव्या कानाने ऐकू येत नाही, डाव्या बाजूने बोल. अंधारात घाबरतात, पायाकडचा दिवा चालू ठेव. बिनसाखरेचा चहा चालतो, पण बशीतून द्यायचा."